गच्चीवरील लागवड व शहराची हवा

सोलापुराकडे व मराठवाड्यांत ज्यांचीं माळवदाचीं घरें आहेत त्यांस एक गोष्ट सांगावी लागत नाहीं. मृगाचे दोन पाऊस झाले कीं माळवदाच्या मातींतून गवत वर येतें, आणि तें वेळींच उपटलें नाहीं तर त्याच्या मुळ्या खालपर्यंत शिरतात व त्याच वाटेनें पाणी घरांत येतें. म्हणून दरसाल माळवद खुरपावें आणि वर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यावा, हें काम आपल्या वाडवडिलांनीं नेमानें केलें. छपरावरचें गवत म्हणजे आळशी घरधन्याची खूण, असेंच आपण मानीत आलों. तेंच गवत मुद्दाम लावावें, त्यास पाणी घालावें आणि त्यापासून शहराची हवा सुधारेल अशी अपेक्षा धरावी, असें कोणी म्हटलें तर प्रथम हंसूं येणें साहजिक आहे. परंतु गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत युरोप व अमेरिकेंतील कित्येक मोठ्या शहरांनीं नेमकें हेंच केलें असून मुंबई-पुण्याकडेहि ही कल्पना आतां रुजूं लागली आहे. तिच्यांत खरें किती व फुगवून सांगितलेलें किती, हें आमच्या वाचकांनीं समजून घ्यावें अशी आमची इच्छा आहे.

शहरांतील गच्चीशीं शेतकऱ्याचा काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध दोन आहेत. शहराची बिघडलेली हवा वाऱ्याबरोबर आपल्या पिकांवर येते, हा पहिला. आणि शहराच्या गच्च्यांवर जी माती चढते ती पुष्कळदां आपल्याच शेतांतून मालमोटारी भरून जाते, हा दुसरा. दुसऱ्याविषयीं पुढें सविस्तर लिहूं. पहिल्याविषयीं थोडें आधीं सांगितलें पाहिजे, कारण तो डोळ्यांस दिसत नाहीं.

मोटारींच्या व कारखान्यांच्या धुरांत नायट्रोजनचे कांहीं वायु असतात. त्यांचा पेट्रोल, रंग इत्यादिकांच्या वाफांशीं संयोग घडून, कडक उन्हाच्या योगानें, ओझोन नांवाचा वायु तयार होतो. आकाशांत फार उंचावर असणारा ओझोन आपला रक्षक आहे. जमिनीलगतचा ओझोन मात्र माणसाच्या फुप्फुसांस आणि पिकाच्या पानांस सारखाच जाळणारा आहे. विशेष हें कीं, तो तयार होण्यास कांहीं तास लागतात, व तेवढ्या वेळांत वारा तो धूर शहराबाहेर घेऊन जातो. त्यामुळें शहराच्या भर चौकापेक्षां वाऱ्याच्या बाजूस असलेल्या खेड्यांत कित्येकदां त्याचें प्रमाण अधिक भरतें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं सहकाऱ्यांसह केलेला एक हिशेब २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत २००५ सालच्या हवेवरून असें काढलें आहे कीं, त्या एका सालांत ओझोनमुळें हिंदुस्थानांत सुमारें ३५ लाख टन गहूं व २१ लाख टन तांदूळ कमी पिकला. द्राक्षाच्या पानांवर यामुळें पडणारे बारीक तपकिरी ठिपके अमेरिकेंत कॅलिफोर्नियामध्यें १९५८ सालींच ओळखले गेले होते. हे ठिपके पानाच्या वरच्या अंगास, शिरांच्या मधल्या जागेंत व जुन्या पानांवर आधीं दिसतात. आपल्याकडे असे ठिपके दिसले म्हणजे कोळी पडला म्हणून फवारणी होते, किंवा अन्नद्रव्य कमी पडलें म्हणून खताची पोतीं येतात. सारांश, शहराची हवा सुधारणें हें शहरवाल्यांइतकेंच आपल्याहि हिताचें आहे.

आतां पान हवा शुद्ध करतें म्हणजे काय करतें, तें पाहूं. येथें दोन निरनिराळीं कामें आहेत. एक धुळीचें. वाऱ्याबरोबर येणारे धूलिकण पानावर आदळतात व त्यावरील लव, मेण किंवा खरखरीतपणा यांमुळें तेथेंच अडकून बसतात. पाऊस आला किंवा पाणी मारलें म्हणजे ते धुवून खालीं मातींत उतरतात. धूळ नाहींशी होत नाहीं. ती हवेंतून मातींत येते, एवढेंच. पाऊस येईपर्यंत पान धुळीनें माखून गेलें तर नवी धूळ धरण्याची त्याची शक्ति कमी होते, हें रस्त्याकडेच्या शेताचा बांध ज्यानें पाहिला आहे त्यास ठाऊक आहे. दुसरें काम वायूंचें. पानास खालच्या व कांहीं झाडांत वरच्याहि अंगास सूक्ष्म रंध्रें असतात; त्यांतून पान श्वासोच्छ्वास करतें व पाणी बाहेर टाकतें. त्याच दारांनीं ओझोन, नायट्रोजनचे वायु व गंधकाचा वायु आंत शिरतात आणि पानाच्या ओल्या पेशींत त्यांचें रूपांतर होऊन जातें. या दुसऱ्या कामासाठीं रंध्रें उघडीं असलीं पाहिजेत, आणि रंध्रें उघडीं राहण्यास झाडाच्या मुळाशीं ओल पाहिजे. दुपारीं माना टाकलेलें पीक रंध्रें मिटून बसतें, तसेंच कोरडी पडलेली गच्चीवरची लागवडहि मिटून बसते. ही गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुढचें सर्व सोपें होईल.

छपरावर मुद्दाम लागवड करण्याची पद्धत जर्मनींत वाढीस लागली. बर्लिन येथील कार्ल राबिट्झ नांवाच्या बांधकाम करणाऱ्यानें १८६७ सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत लागवडीच्या छपराचा नमुना मांडला होता. त्या शतकाच्या अखेरीस बर्लिनमधील चाळींचीं डांबरी छपरें आगीस लवकर बळी पडत, म्हणून त्यांवर वाळू व खडी पसरण्याची चाल पडली. त्या खडींत वाऱ्यानें आलेलें बीं आपोआप रुजलें, आणि आश्चर्य असें कीं त्यांतील कांहीं छपरें १९८० नंतरहि न गळतां उभीं होतीं. उन्हाचा मारा डांबरावर थेट न पडल्यानें तें टिकलें. माळवदाच्या नेमका उलटा हा अनुभव आहे. पुढें जर्मन लोकांनीं त्याचें शास्त्र बसविलें: खालीं पाणी न झिरपणारा थर, त्यावर मुळी न शिरणारा थर, त्यावर निचऱ्याचा थर, मग माती वाहून जाऊं नये म्हणून जाळीदार कापड, आणि सर्वांत वर वाढीचें माध्यम. आपल्या माळवदांत पहिले दोन थर नव्हते. तेथेंच सारा फरक पडला. श्टुटगार्ट हें शहर डोंगरांच्या खोलगट वाटींत वसलें असून तेथें वारा फार मंद असतो. धूर सांचून राहतो. त्या शहरानें १९३८ सालींच एक हवामानशास्त्रज्ञ नोकरीस ठेवला होता, व १९८६ पासून छपरें हिरवीं करणाऱ्यांस अर्थसाहाय्य देण्यास आरंभ केला.

अमेरिकेंतील शिकागो शहराचें उदाहरण आम्हांस अधिक बोधप्रद वाटतें, कारण तेथें आंकडे मिळतात. १९९५ च्या जुलैमध्यें तेथें उष्णतेची लाट येऊन सातशेंहून अधिक माणसें दगावलीं. पुढें शहराच्या उष्णतेवर उपाय म्हणून नगरभवनाच्या अकरा मजली इमारतीच्या गच्चीवर लागवड करण्यांत आली; ती २००१ सालीं पुरी झाली. लागवडीचें क्षेत्र आपल्या मापानें साडेअठरा गुंठ्यांच्या आसपास असून त्यांत शंभराहून अधिक जातींचीं सुमारें वीस हजार रोपें लावलीं गेलीं. या इमारतीची मौज अशी कीं, तिचा अर्धा भाग शहराच्या ताब्यांत व अर्धा परगण्याच्या ताब्यांत. एका अर्ध्यावर लागवड झाली व दुसऱ्यावर काळें डांबर तसेंच राहिलें. प्रयोगक्षेत्रावर शेजारशेजारचे दोन वाफे राखावे तसा हा योग आपोआप जुळून आला. त्या वर्षींच्या ऑगस्टमधील एका उष्ण दुपारीं डांबराच्या पृष्ठभागाची उष्णता सुमारें ७६ अंश सेंटिग्रेड भरली, तर लागवडीच्या भागाची ३३ ते ४८ अंशांच्या दरम्यान होती.

हा फरक केवढा आहे हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. हवा थंड राहिली तर ओझोन तयार होण्याचा वेग मंदावतो, आणि खोल्या थंड ठेवण्याचीं यंत्रें कमी चालल्यानें तितकी वीजहि कमी लागते. म्हणजे पानानें प्रत्यक्ष शोषलेल्या वायूंखेरीज हा आडवाटेचा लाभ आहे, व आमच्या मतें तोच मोठा आहे.

प्रत्यक्ष शोषणाचा हिशेब मात्र वाचकांनीं नीट लक्ष देऊन वाचावा. शिकागोंतील १९.८ हेक्टर हिरव्या छपरांविषयीं एक अभ्यास २००८ सालीं प्रसिद्ध झाला. हवेंतील वायूंचें प्रमाण, वारा, ऊन व पानांचा पसारा यांवरून गणितानें काढलेला हा अदमास आहे. कोणीं तराजूंत घालून मोजलेला नव्हे. त्याप्रमाणें एका वर्षांत त्या छपरांनीं १,६७५ किलोग्रॅम दूषित द्रव्यें हवेंतून काढलीं. त्यांत ओझोन शेंकडा ५२, नायट्रोजन डायऑक्साइड शेंकडा २७, धूलिकण शेंकडा १४ व गंधकाचा वायु शेंकडा ७ होता. पानें कोंवळीं व जोमांत असतात त्या मे महिन्यांत सर्वांत अधिक, व बर्फाच्या फेब्रुवारींत सर्वांत कमी. दर हेक्टरीं हा आंकडा वर्षास ८५ किलोग्रॅम पडतो. आतां आपण हेक्टराचे गुंठे करूं. एका गुंठ्याची गच्ची वर्षभरांत सुमारें ८६० ग्रॅम, म्हणजे किलोग्रॅमाहूनहि कमी, घाण हवेंतून काढते. त्याच अभ्यासांत पुढें असें म्हटलें आहे कीं, शिकागोंतील उरलेल्या एकूणएक छपरांवर खोल मातीची दाट लागवड केली तर वर्षास दोन हजार टनांच्या थोडें वर घाण निघूं शकेल. पण त्यास खर्च पस्तीस अब्ज डॉलरांहून अधिक येईल. म्हणून छपरावरची लागवड ही जमिनींतील झाडांस पूरक होऊं शकते, त्यांची जागा ती घेऊं शकत नाहीं, असा त्या संशोधकांचा अभिप्राय आहे. जमिनींतल्या एका जुन्या वडास किंवा चिंचेस छपराचा भार, गळती आणि रोजचें पाणी यांची चिंता नसते.

इंग्लंडांतील मँचेस्टर येथें २०१२ च्या सुमारास दुसरा एक अभ्यास झाला. तेथें निरनिराळ्या चार वनस्पतींच्या पानांवर सांचलेली धूळ मोजण्यांत आली: दोन जातींचीं गवतें, एक रुंद पानाचें रानतण, आणि सेडम नांवाची मांसल पानांची बुटकी वनस्पति. ही सेडम आपल्या पानफुटीच्या कुळांतील असून युरोपांत हिरव्या छपरांवर तीच सर्वांत अधिक लावतात, कारण ती पाण्याविना टिकते. पण मोजणींत ती अगदीं मागें पडली. दर चौरस मीटरास वर्षाकांठीं तिनें ०.४२ ग्रॅम धूळ धरली, तर सर्वांत सरस गवतानें ३.२१ ग्रॅम. आपल्या गुंठ्याच्या मापानें सेडमची कमाई साडेतीन तोळ्यांच्या आसपास येते, व गवताची अठ्ठावीस तोळ्यांच्या. त्या शहराच्या मध्यभागांतील ५० हेक्टर सपाट छपरांवर सेडम लावली तर तेथें वर्षांत हवेंत पडणाऱ्या ९.१८ टन धूलिकणांपैकीं ०.२१ टन, म्हणजे शेंकडा २.३, तेवढे उतरतील असा हिशेब निघाला.

गवत सरस कां ठरलें याचें कारण उघड आहे. बारीक, दाट व खरखरीत पात्यांचा एकूण पसारा मोठा, आणि त्यांतून वारा गाळला जातो. गुळगुळीत मांसल पानांत हा गुण नाहीं. वायूंच्या बाबतींत तर मांसल वनस्पतींत आणखी एक अडचण आहे. निवडुंग, घायपात, अननस यांसारख्या वनस्पति पाणी वांचविण्यासाठीं दिवसा रंध्रें मिटतात व रात्रीं उघडतात. सेडमच्याहि कित्येक जाती पाण्याची ओढ पडली कीं तोच मार्ग धरतात. ओझोन तर भर दुपारीं सर्वांत अधिक असतो. पाहुणा दुपारीं यावा आणि दार रात्रीं उघडावें, असा हा प्रकार होतो. जी वनस्पति पाण्याविना टिकते ती हवा फारशी शोधीत नाहीं, आणि जी हवा शोधते तिला पाणी पाहिजे.

आपल्या देशावरच्या हवामानांत ही अडचण फार तीव्र होते. शिकागोस उन्हाळ्यांत पाऊस पडतो. म्हणजे ओझोनाचा हंगाम व पानांच्या वाढीचा हंगाम तेथें एकच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस पडून हवा आपोआपच धुवून निघते, आणि छपरावरचें गवतहि त्याच वेळीं भरास येतें. म्हणजे गरज कमी तेव्हां पुरवठा अधिक. हवा खरी बिघडते ती दिवाळीपासून होळीपर्यंत, जेव्हां थंड हवा जमिनीलगत सांचून राहते व धूळधूर वर जात नाहीं. त्या वेळीं विनापाण्याच्या गच्चीवर काय असतें? साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर जें असतें तेंच. तेथें जांभ्या दगडावर इंच-दोन इंच माती. भाद्रपदांत फुलांचा गालिचा, आणि मार्गशीर्षांत वाळलेल्या काड्या. तें पठार म्हणजे सृष्टीनेंच केलेली हिरवी गच्ची होय. (कांहीं हौशी मंडळी तेथील रोपें उपटून आणून गच्चीवर लावूं पाहतात. तें कायद्यानें चूक आहेच. शिवाय तीं रोपें जगतहि नाहींत.)

म्हणून हिवाळ्या-उन्हाळ्यांत गच्ची हिरवी राखावयाची तर पाणी देणें आलें. किती? कडक उन्हांत दिवसास पांच मिलिमीटर इतकेंच धरलें तरी एका गुंठ्यास रोज पांचशें लिटर होतात. हें पाणी कोणाचें, हा प्रश्न आमच्या वाचकांस विचारल्यावांचून राहवणार नाहीं. खडकवासल्याच्या पाण्यावर पुणें शहर पितें आणि त्याच पाण्यावर दौंड-इंदापुराकडील कालव्याखालचीं शेतें भिजतात. उन्हाळी आवर्तनाची वाट पाहण्यांत तिकडच्या शेतकऱ्याचे डोळे थकतात. पिण्याचें शुद्ध पाणी गच्चीवरच्या हिरवळीस घालणें याला आमचा स्पष्ट विरोध आहे. न्हाणीचें व भांडीं-धुण्याचें सांडपाणी गाळून वापरलें तर हरकत घेण्यास जागा राहत नाहीं. चार माणसांच्या घरांतून असें पाणी रोज शेंकडों लिटर निघतें व तें गटारांतच जातें. मात्र त्यांत साबणाचा क्षार असल्यानें अधूनमधून साध्या पाण्यानें माध्यम धुवून काढावें लागतें; चोपण जमिनीचा ज्यांस अनुभव आहे त्यांस याचें कारण सांगणें नको.

आणखी दोन गोष्टी थोडक्यांत. गच्ची जितकी उंच तितकी ती रस्त्यावरच्या धुरापासून दूर. वीस मजल्यांवरची बाग खालीं चौकांत उभ्या असलेल्या हवालदाराच्या नाकापर्यंत पोहोंचत नाहीं. रस्त्याकडेच्या एकमजली-दुमजली इमारती, मोटारतळ, बाजाराचीं छपरें हींच या कामास अधिक योग्य. आणि प्रत्येक झाड हवेस सारखेंच हितकर नाहीं. निलगिरी व बांबूच्या कांहीं जाती आपल्या पानांतून अशा वाफा सोडतात कीं ज्या मोटारींच्या धुराशीं मिळून ओझोन वाढवितात. रानांत त्यानें बिघडत नाहीं. धुरानें भरलेल्या शहरांत बिघडतें.

इतका हिशेब मांडल्यावर कोणी म्हणेल, मग हा खटाटोप करावाच कशास? आमचें उत्तर असें कीं करावा, पण हवेच्या एकट्या नांवावर करूं नये. उष्णता, पावसाचें पाणी व कचरा या तिन्ही बाजूंनीं मिळून तो परवडतो. उष्णतेचें वर आलेंच. पाण्याविषयीं इतकेंच कीं, थंड देशांत पातळ थराचें छप्पर वर्षांच्या पावसापैकीं निम्मा किंवा अधिक धरून ठेवतें. आपल्याकडे आषाढांत माध्यम एकदां तुडुंब भिजलें कीं पुढचें पाणी खालींच जाणार, म्हणून तेवढी आशा येथें धरूं नये.

कचऱ्याचा मुद्दा मात्र आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो, आणि परदेशच्या लेखांत तो क्वचितच आढळतो. जानेवारी २०१६ मध्यें मुंबईंत देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरास आग लागली आणि तिचा धूर कित्येक दिवस शहरावर पसरून राहिला. त्या डोंगरांतला मोठा वांटा स्वयंपाकघरांतून निघणाऱ्या भाजीपाल्याच्या व अन्नाच्या ओल्या कचऱ्याचा असतो. तोच आंत कुजून जळाऊ वायु तयार करतो. आतां त्याच मुंबईंतील दुसरें उदाहरण पाहा. त्या वेळच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरांत रोज निघणारा ओला कचरा बाहेर न टाकतां, २००२ सालापासून प्रीति पाटील यांच्या पुढाकारानें गच्चीवरच कुजवून त्यांत फळझाडें व भाजीपाला लावण्यांत आला. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनीं आपल्या प्रयोग परिवारांत पालापाचोळ्यापासून सुपीक माती बनविण्याचें जें तंत्र सांगितलें त्याचाच हा शहरी अवतार होय. गच्चीवरच्या पानांनीं वर्षांत किलोभर घाण शोषली कीं नाहीं हें कोणी पाहूं नये. जो कचरा जळून धूर व्हावयाचा तो जळलाच नाहीं, हा लाभ आमच्या मतें त्याच्या कितीतरी पट आहे.

आतां मातीकडे वळूं. शहरांत गच्चीवरच्या बागांची हौस वाढली तशी शहरापासून वीस-तीस मैलांच्या टापूंत पोयट्याचे व लाल मातीचे व्यापारी फिरूं लागले आहेत. आम्ही स्वतः या मोहांत एकदां सांपडलों आहों, म्हणून लपवून न ठेवतां लिहितों. ओढ्याकांठच्या आमच्या दोन एकरांच्या तुकड्यावरचा वीतभर पोयटा आम्हीं एका व्यापाऱ्यास दिला. रोख पैसे चांगले आले. मुलीचें लग्न त्यांत निभावलें. त्या तुकड्यांत एकरीं दहा पोतीं ज्वारी विनासायास होत असे. दुसऱ्या वर्षीं चार पोतीं झालीं. पुढें चार वर्षें गाड्यांवर गाड्या शेणखत घातलें, ताग गाडला, तेव्हां कोठें सात पोत्यांपर्यंत जमीन आली. आणि मातीचे मिळालेले पैसे खतांत व तोट्यांत केव्हांच सरले होते. धाकट्या भावानें तेव्हां विरोध केला होता, तें आम्हीं मनावर घेतलें नाहीं. वरचा थर हा जमिनीचा सर्व जीव असतो; कुजलेला पाला, गांडुळें, सूक्ष्म जंतु, पिकाचें निम्म्याहून अधिक अन्न त्यांतच. एक इंच माती तयार होण्यास शेंकडों वर्षें लागतात.

या व्यवहाराचा हिशेब सोपा आहे. एक एकर छपरांवर चार इंच माती चढवावयाची म्हणजे एक एकर शेताची चार इंच माती जावयाची. शेत नागवून छप्पर हिरवें करण्यांत हवेचा कोणता लाभ? उघडी पडलेली जमीन वैशाखांत धुळीचे लोट उडविते, तें निराळेंच. आणि विशेष म्हणजे शेताची माती गच्चीस मुळींच योग्य नाहीं. एका गुंठ्यावर चार इंच माती भिजली म्हणजे तिचें वजन अठरा टनांच्या घरांत जातें. कोणत्याहि जुन्या गच्चीवर हा भार इंजिनियरास विचारल्याशिवाय घालणें म्हणजे जिवाशीं खेळ आहे. काळी माती तर भिजून फुगते, वाळून भेगाळते व निचरा करीत नाहीं. जर्मनींत छपराच्या माध्यमांत शेतमाती जवळ जवळ नसतेच. ज्वालामुखीचा सच्छिद्र हलका दगड, विटा-कौलांचा चुरा, आणि थोडेंसें कुजलेलें खत एवढेंच असतें. तें पाणी धरतें, जास्त झालेलें सोडून देतें व वजनास हलकें पडतें.

असें माध्यम आपल्याकडे सहज होण्यासारखें आहे. वीटभट्टीवर फुटक्या व जास्त भाजलेल्या विटांचे ढीग पडलेले असतात. उसाचें चिपाड, नारळाच्या काथ्याचा भुसा व चांगलें कुजलेलें कंपोस्ट हीं आपल्याच पदरचीं. मुंबईंतील गच्चीशेतीच्या प्रयोगांत चिपाडाचा उपयोग पूर्वींपासून झालेला आहे. तेव्हां मातीचा व्यापारी दारीं आला तर त्यास माती न देतां कंपोस्ट व चिपाड द्यावें. भाव ठरवून, चाळून, पोत्यांत भरून द्यावें. चिपाड निदान सहा महिने शेणकाल्यांत कुजविल्याखेरीज देऊं नये, नाहीं तर तें गच्चीवर कुजूं लागून रोपांचा नत्र ओढून घेतें व पानें पिवळीं पडतात, आणि दोष आपल्या मालास येतो.

गवताचेंहि तसेंच. परदेशी हिरवळीच्या लाद्या शहरांत महाग विकल्या जातात व त्यांस पाणी फार लागतें. आपल्या बांधावरचें मारवेल दाट, बारीक पात्याचें, जनावरांस गोड आणि पाण्याची ओढ सोसणारें आहे. पंधरा दिवसांनीं पाणी मिळालें तरी तें मरत नाहीं, व मिळेल तितकें हिरवें राहतें. त्यास वरच्यावर कापलें तर कोंवळें पातें येत राहतें, आणि कापलेला चारा शहरांतल्या गोठ्यासहि चालतो. मात्र गर्दीच्या रस्त्यालगतच्या गच्चीवरचा चारा धुळींतील विषारी द्रव्यांमुळें जनावरांस घालूं नये. हरळी टाळावी, तिच्या मुळ्या कोठेंहि शिरतात व पुढें गळतीचा सारा बोल आपल्यावर येतो. मारवेलचे ठोंब विकावयाचे असल्यास जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यांत, जमीन ओली असतांना काढावे, मुळांची माती तेथेंच शेतांत झटकून टाकावी, ओल्या गोणपाटांत सैल बांधावे, आणि दुसऱ्या दिवशीं संध्याकाळच्या आंत ते लावले जातील अशा बेतानें धाडावे.